चूक हाताची की कागदाची? विणकामाच्या पॅटर्नचं टेक्निकल एडिटिंग

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. आकडेमोड बरीच आहे, त्यामुळे वही-पेन्सिल घेऊन वाचलंत तर बरं.)

आजचा विषय जरा आडबाजूचा आहे. क्रोशा किंवा दोन सुयांवरचं विणकाम तुमच्यापैकी पुष्कळ जण करतात. पॅटर्न विकत घेऊन किंवा इंटरनेटवरून उतरवून घेऊन विणणारेही आता खूप आहेत. पण तो पॅटर्न आपल्यापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी तो ओळ न् ओळ तपासलेला असावा लागतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. या तपासणीला टेक्निकल एडिटिंग म्हणतात. मी हे काम करते, आणि "म्हणजे तू स्पेलिंगच्या चुका काढतेस का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. स्पेलिंगही बघते, पण ते शेवटी. आधी हिशोब.

हे काम लागतं कशासाठी, ते आधी सांगते. आपल्यापैकी बहुतेक जणी विणायला शिकल्या त्या कुणाच्या तरी शेजारी बसून. आई, मावशी, आत्या, नाहीतर शेजारच्या काकू. "इथे दोनाचा एक कर", "आता मुंढा आला, थांब", असं सांगत सांगत स्वेटर पूर्ण व्हायचा. त्यात कागद नव्हताच. चुकलं तर काकू तिथल्या तिथे चार ओळी उसवून द्यायच्या. कागदाची गरज पडते ती सांगणारी आणि विणणारी एकमेकींपासून लांब असतात तेव्हा. १८४० मध्ये एडिनबरोच्या जेन गॉगेन या बाईंनी विणकामाच्या सूचनांचं पुस्तक छापलं आणि टाक्यांसाठी अक्षरांच्या खुणा वापरल्या. तेव्हापासून आजवर लिहिलेल्या पॅटर्नचं काम एकच आहे: शेजारी काकू नसताना काकूंचं काम करणं.

पूर्वी पॅटर्न छापायची ती मासिकं, पुस्तकं आणि लोकरीच्या कंपन्या. तिथे तपासायला माणसं असायची. २००७ मध्ये रॅव्हलरी ही वेबसाइट सुरू झाली आणि चित्र बदललं. कुणीही घरी बसून पॅटर्न लिहावा, पीडीएफ करावी आणि जगभर विकावी. ही फार चांगली गोष्ट झाली. नागपूरची मुलगी आपली शाल नॉर्वेतल्या बाईला विकू शकते. पण लिहिणारी आणि विणणारी यांच्यामध्ये जो तपासणारा असायचा, तो मात्र मधून गेला. आता ज्या डिझायनरला वाटतं ती स्वतः पैसे देऊन टेक एडिटर नेमते. जिला वाटत नाही ती नेमत नाही, आणि विकत घेणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

आणि चुकीच्या पॅटर्नची किंमत विणणारी भरते. लोकरीचे पैसे जातात, संध्याकाळी जातात, ते तर आहेच. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. पॅटर्न जुळला नाही की बहुतेक बायका कागदावर संशय घेत नाहीत, स्वतःवर घेतात. तीनदा उसवतात, चौथ्यांदा विणतात, आणि मग म्हणतात, "मला हे जमणारं नाही." सुया पिशवीत जातात, पिशवी माळ्यावर जाते. छापलेला कागद खोटं बोलेल असं आपल्याला वाटतच नाही.

तर आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू. एक साधी क्रोशाची बाळाची टोपी घ्या. मध्यापासून सुरू करायची, गोल विणत जायचं. पहिल्या फेरीत १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २ खांब, झाले २४. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात १, पुढच्यात २, असं १२ वेळा, झाले ३६. आता चौथ्या फेरीला पॅटर्नमध्ये लिहिलंय: "एका टाक्यात १ खांब, पुढच्यात २, असं १२ वेळा. एकूण ४८." बरोबर वाटतं ना? वाचताना अगदी बरोबर वाटतं.

टेक एडिटर इथे दोन हिशोब करते. पहिला, ही सूचना मागच्या फेरीतले किती टाके खाते. दुसरा, ती नवे किती टाके देते. वरची सूचना एका वेळेला २ टाके खाते आणि ३ देते. १२ वेळा केलं तर २४ खाल्ले, ३६ दिले. पण मागच्या फेरीत तर ३६ टाके होते. म्हणजे १२ टाके तसेच उरले, आणि ४८ काही झाले नाहीत. बरोबर सूचना अशी हवी: दोन टाक्यांत एकेक खांब, तिसऱ्यात २, असं १२ वेळा. ३ खाल्ले ४ दिले. १२ वेळा केलं की ३६ खाल्ले, ४८ दिले. जुळलं. पॅटर्नमधल्या प्रत्येक ओळीला, प्रत्येक फेरीला आणि प्रत्येक मापाला हे दोन हिशोब करायचे. बाकी सगळं यानंतर.

याच टोपीत आणखी एक नेहमीची अडचण असते. फेरीच्या सुरुवातीला आपण ३ साखळ्या घालून वर चढतो. त्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून मोजायच्या की नाही? दोन्ही पद्धती चालतात. पण लिहिणारीने एका फेरीत मोजल्या आणि पुढच्या फेरीत मोजल्या नाहीत, तर प्रत्येक फेरीला एका टाक्याचा घोळ होत जातो. हे पॅटर्नच्या सुरुवातीला एकदा लिहायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं.

आता तुम्ही म्हणाल, ही टोपी डिझायनरने स्वतः विणलेली असते ना? मग चूक कशी राहते? तर त्याचं कारण असं, की हात शहाणे असतात. जिला वीस वर्षांचा सराव आहे तिला टाके उरल्याचं दिसतं, हात आपोआप सुधारून घेतो आणि टोपी सुंदर होते. हाताने केलेली सुधारणा कागदावर उतरायची राहून जाते. म्हणून टेक एडिटर सहसा ती वस्तू विणत नाही. समोर कागद, शेजारी स्प्रेडशीट आणि कॅल्क्युलेटर. कागदावर जे लिहिलंय तेवढंच वाचायचं, मनाने काही भरायचं नाही. विणून बघणाऱ्या वेगळ्या असतात, त्यांना टेस्ट निटर म्हणतात. त्या सांगतात की सूचना समजल्या का, गळा नीट बसला का, लोकर किती लागली. दोन्ही कामं लागतात, एक केलं म्हणून दुसरं टळत नाही.

पुढची गोष्ट मापाची. पॅटर्नमध्ये लिहिलेलं असतं, १० सेंटिमीटरला २२ टाके. याला गेज म्हणतात, आपल्याकडे पूर्वी ताण म्हणायचे. छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवा तर टाके हवेत १९८. आता तुमचा हात थोडा सैल आहे आणि तुमचे १० सेंटिमीटरला २० टाके येतात. त्याच १९८ टाक्यांचा स्वेटर होतो ९९ सेंटिमीटरचा. फक्त दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर ९ सेंटिमीटरने मोठा! विणणारीने आधी छोटा चौकोन विणून बघावा हे खरंच. पण तो चौकोन धुऊन वाळवल्यावर मोजायचा की सुईवरून उतरवल्याबरोबर, हे लिहिणारीने सांगायला हवं, कारण कित्येक लोकरी धुतल्यावर फुलतात, सैलावतात. "छाती ९०" म्हणजे अंगाचं माप की तयार स्वेटरचं, हेही सांगायला हवं. अंगाचं माप ९० आणि स्वेटरही ९०, तर तो अंगाला चिकटून बसेल. कुणाला तसा हवा असतो, कुणाला १० सेंटिमीटर सैल हवा असतो. माझ्याकडे येणाऱ्या पॅटर्नमध्ये ही एक ओळ फार वेळा नसतेच.

आता येते सगळ्यात नाजूक गोष्ट: एकाच स्वेटरची अनेक मापं. हल्ली एका पॅटर्नमध्ये आठ-नऊ मापं असतात. डिझायनरने विणलेलं असतं एकच, बहुतेक वेळा स्वतःच्या मापाचं. बाकीची मापं कागदावर वाढवलेली असतात. आणि चुका जमतात त्या टोकाच्या मापांत.

बाहीचं उदाहरण घ्या. दंडापासून मनगटाकडे टाके घटवत जायचं. लहान मापाला दंडाशी ६६ टाके, मनगटाशी ४६. म्हणजे २० टाके घटवायचे. एका वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे १० वेळा. सूचना आहे: दर १२व्या ओळीला घटवा. १० वेळा १२, झाल्या १२० ओळी. १० सेंटिमीटरला ३० ओळी बसत असतील तर ही झाली ४० सेंटिमीटर, पुढे ३ सेंटिमीटरचा काठ, बाही तयार. छान.

आता तीच सूचना मोठ्यात मोठ्या मापाला लावा. दंडाशी ९२ टाके, मनगटाशी ५६. घटवायचे ३६, म्हणजे १८ वेळा. १८ वेळा १२, झाल्या २१६ ओळी. सेंटिमीटर किती? ७२! आजानुबाहू माणसासाठी ठीक आहे, पण एरवी ही बाही गुडघ्याकडे निघाली. का झालं? माप वाढलं की दंडाचा घेर खूप वाढतो, हाताची लांबी मात्र थोडीच वाढते. अमेरिकेच्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने शरीराच्या मापांचे तक्ते दिलेत, त्यात हे सरळ दिसतं. उपाय अवघड नाही. मोठ्या मापाला एकदा ६व्या ओळीला घटवा, पुढच्या वेळी ८व्या, असं आलटून पालटून १८ वेळा. ९ वेळा ६ म्हणजे ५४, ९ वेळा ८ म्हणजे ७२, एकूण १२६ ओळी, म्हणजे ४२ सेंटिमीटर. वर ४ सेंटिमीटरचा काठ. जमलं.

हा हिशोब कुणी केला नाही तर त्याचा त्रास कुणाला होतो बघा. लहान आणि मध्यम मापवाल्यांना काहीच होत नाही, त्या छान छान फोटो टाकतात. मोठ्या अंगाची बाई मात्र तेवढेच पैसे देऊन, जास्त लोकर घेऊन, जास्त दिवस विणते आणि तिच्या हाती येते ७२ सेंटिमीटरची बाही. तयार कपड्यांच्या दुकानात तिला "तुमच्या मापाचं नाही" हे ऐकावं लागतंच. निदान स्वतःच्या हाताने विणलेल्या स्वेटरने तरी तिला तसं सांगू नये. माझ्या लेखी या कामाचं मोल सगळ्यात जास्त इथे आहे.

जाळीच्या विणीत आणखी एक गंमत होते. समजा नक्षी ८ टाक्यांची आहे आणि कडेला २ टाके. मग एकूण टाके ८२, ९०, ९८, १०६ असेच हवेत. डिझायनरने प्रत्येक मापाला सरळ १० टाके वाढवले तर दुसऱ्या मापाला होतात ९२. नक्षी ११ वेळा बसली, कडेचे २ झाले, आणि २ टाके उरले. त्या दोन टाक्यांचं काय करायचं? विणणारी रात्री अकराला तेच पुन्हा पुन्हा मोजत बसते.

आकड्यांनंतर भाषा. एक उदाहरण देते. स्वेटरच्या पुढच्या भागाला सूचना आहे: "मुंढ्यासाठी एक ओळ सोडून एक, दोन्ही कडांना एकेक टाका घटवा, असं १२ वेळा करा." म्हणजे २४ ओळी. तुम्ही त्या विणल्या, चहा प्यायलात आणि पुढचा परिच्छेद वाचलात: "त्याच वेळी, मुंढ्याची १६वी ओळ झाल्यावर गळ्यासाठी मधले टाके बंद करा." झालं! आठ ओळी उसवा. गणित अगदी बरोबर होतं, पण "त्याच वेळी" हे दोन शब्द चुकीच्या जागी होते. ते आधी यायला हवेत: "पुढच्या दोन गोष्टी एकाच वेळी चालतील, आधी पूर्ण वाचा." तक्त्यावर नक्षी दिलेली असेल तर तेही असंच. सपाट विणताना सुलट बाजूची ओळ तक्त्यावर उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणताना सगळ्याच फेऱ्या उजवीकडून. तक्ता आणि शेजारची लेखी सूचना एकच सांगतात का, हे टाक्याटाक्याला ताडून बघावं लागतं.

मग नावांचा घोळ. ब्रिटिश पुस्तकात ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्याला अमेरिकन पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. आपल्या भाषेत बोलायचं तर एकच शब्द एका देशात मुका खांब आणि दुसऱ्या देशात खांब. आपल्या घरांत जुनी ब्रिटिश वळणाची पुस्तकं आहेत आणि इंटरनेटवर बरंचसं अमेरिकन आहे. पॅटर्नवर कुठलं वळण ते लिहिलेलं नसेल तर ताटावरचा रुमाल जेवढा हवा त्याच्या निम्म्याएवढाच होऊन बसतो. सुयांचंही तसंच. आपल्या दुकानात १० नंबरची सुई मागितली तर ब्रिटिश मोजणीची, ३.२५ मिलिमीटरची मिळते. अमेरिकन १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे बारीक होते. म्हणून मी नेहमी सांगते, नंबर लिहायचाच असेल तर लिहा, पण शेजारी मिलिमीटर हवेतच. लोकरीचंही नुसतं वजन नको, मीटर हवेत. १०० ग्रॅम बारीक लोकर आणि १०० ग्रॅम जाड लोकर यांच्या लांबीत फार फरक असतो.

या बाबतीत मराठी शब्द मला आवडतात. साखळी, खांब, मुका खांब, सुलट, उलट. टाका दिसतो कसा तेच नाव. पण मराठीतून पॅटर्न लिहिणाऱ्यांना एक विनंती. दोन वेढ्यांच्या लांब खांबाला, सरकत्या टाक्याला, टाके घटवायच्या वेगवेगळ्या पद्धतींना गावागावात, घराघरात वेगळी नावं आहेत. तुमचं नाव सोडू नका. फक्त पॅटर्नच्या वरती दोन ओळींत लिहा की या नावाचा टाका कसा घालायचा: सुईवर दोऱ्याचे किती वेढे, किती वेळा ओढायचं. मग सोलापूरची बाई आणि सॅन होजेची बाई दोघी तोच टाका घालतील.

टेक एडिटर काय करत नाही, तेही सांगते. ती डिझाइन बदलत नाही. गळा मला आवडला नाही, हे माझं काम नाही. चूक दिसली तरी मी गपचूप दुरुस्त करत नाही, शेजारी लिहिते, "इथे १२ टाके उरतात, तुम्हाला असं म्हणायचं होतं का?" कारण चूक सूचनेत आहे की खाली लिहिलेल्या बेरजेत, हे डिझायनरलाच माहीत असतं. निर्णय तिचा, आणि पॅटर्नही तिचाच.

आता तुमच्यासाठी. पॅटर्न हातात आला की सुई उचलण्याआधी दहा मिनिटं काढा. गेज दिलंय का आणि ते धुतल्यानंतरचं का, बघा. दिलेलं माप अंगाचं की कपड्याचं, बघा. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची संख्या दिलीय का, बघा. नसेल तर सावध. आपल्या मापाच्या आकड्यांवर पेन्सिलने गोल करा. कुठल्याही दोन-तीन ओळी निवडा आणि तो हिशोब करा: खाल्ले किती, दिले किती. बाहीच्या ओळींचे सेंटिमीटर करून बघा. "त्याच वेळी" कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. संगणकाकडून लिहून घेतलेले पॅटर्न हल्ली फिरतात, सोबत सुंदर चित्रंही असतात. त्यांना तर हा हिशोब लावाच. भाषा अगदी पॅटर्नसारखी असते, पण बेरीज जुळेलच असं नाही.

आणि विणताना टाके जुळले नाहीत, तर एकदा उसवा, दुसऱ्यांदा मोजा, आणि तिसऱ्या वेळी उसवण्याआधी कागद तपासा. चूक कागदाची निघाली तर डिझायनरला कळवा: कुठली ओळ, कुठलं माप, किती टाके उरले. तिखट लिहायची गरज नाही. चांगली डिझायनर पॅटर्न दुरुस्त करून पुन्हा पाठवते आणि तुमच्यानंतर विणणाऱ्या सगळ्या जणींचा वेळ वाचतो. चूक आपली निघाली तरी काही बिघडत नाही, विणकाम उसवता येतं, हा त्याचा मोठाच गुण आहे.

तुमच्याकडे असा अडलेला पॅटर्न असेल तर ती ओळ आणि तुमचं माप लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण मिळून त्याचा हिशोब करू. आणि माळ्यावरची ती पिशवी एकदा खाली काढा. भेटू या.